दवाखान्यात ॲडमिट असताना शुगर कशी सांभाळायची? संकष्टीच्या रात्रीचा आमचा अनुभव

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. १६ वर्षांपासून डायबेटिस, घरी गोळ्या आणि रात्रीचं एक इन्शुलिन. मागच्या महिन्यात मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मिरजेत ॲडमिट केलं, ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आता घरी आहेत, वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत येतात. लिहायचं कारण आहे ऑपरेशननंतरची तिसरी रात्र.

त्या दिवशी संकष्टी होती. सांगलीच्या गणपतीची संकष्टी आत्यांनी गेल्या चाळीस वर्षांत चुकवलेली नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. पलंगावर पडून उपास कसला करताय म्हणून आम्ही समजावलं, पण "औषध घेते, पाणी पिते, उपास मोडायचा नाही" यावर त्या ठाम. नणंदबाईंनी साडेचारला साबुदाण्याची खिचडी आणली, ती वाटीभर खाल्ली. साडेसहाला सिस्टरनी शुगर तपासली तर २८६. सव्वासातला १४ युनिट साधं इन्शुलिन दिलं. साडेसातला जेवणाचं ताट आलं. आत्यांनी त्यावर झाकण घातलं आणि कॉटशेजारच्या कपाटावर ठेवून दिलं. चंद्रोदय ९ वाजून ४० मिनिटांनी होता.

मी घरी मोदक वाफवत होते. नवरा खाली मेडिकलमध्ये गेला होता. ९ वाजून १० मिनिटांनी मी डबा घेऊन वॉर्डात शिरले. आत्या जाग्या होत्या, पण नजर कुठंच ठरत नव्हती. डोक्यावर पंखा चालू, तरी गळ्याखालचा पदर ओलाचिंब. हात हातात घेतला तर नळाखाली धरल्यासारखा गार. मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारून म्हणाल्या, "म्हशीला पाणी दाखवलंस का?" ती मावशी जाऊन अकरा वर्षं झाली.

मी ओरडले. सिस्टर धावत आल्या, बोटाला टोचलं, मीटरवर ४६. सलाईनची सुई आत्यांच्या हातात आधीपासून होती, त्यातून ग्लुकोज ढकललं. दहा मिनिटांत आत्यांनी माझ्याकडं बघितलं, नेमक्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "माझं पातळ कुणी भिजवलं?"

त्या दहा मिनिटांत माझं काय झालं ते लिहिता येत नाही. दवाखान्याचं नाव मला घ्यायचं नाही. सिस्टर नंतर रात्रभर तासा-दीड तासानं बघून जात होत्या, मला त्यांच्यावर राग धरायचा नाही. पण समजून घ्यायचं आहे. उपास आहे हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. २८६ शुगर असलेलं माणूस तीन तासांच्या आत ४६ वर कसं येतं? आणि दवाखान्यात शुगर नेमकी किती असावी? ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. आपल्याकडं घरटी एक डायबेटिस आहे, आज आमच्यावर आलं ते उद्या कुणावरही येईल.

रात्रपाळी (सांगली जिल्हा)

ताई, वाचून हात थांबले. मी १७ वर्षं स्टाफ नर्स आहे, निम्म्याहून जास्त रात्रपाळ्या. तुम्ही लिहिलं तसं आम्ही प्रत्येकीनं एकदा तरी बघितलेलं आहे.

वॉर्डात तीन कामं तीन वेगवेगळ्या हातांत असतात. शुगर एक जण तपासते, इन्शुलिन दुसरी देते आणि जेवणाची गाडी किचनची मावशी ढकलत आणते. या तिघींच्या वेळा जुळल्या तर काही होत नाही. साधं इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं, हे पुस्तकात आहे. पण पुस्तकाला लिफ्ट बंद पडलेली माहीत नसते, गाडी वरच्या मजल्यावर अडकलेली माहीत नसते. म्हणून मी नव्या मुलींना एकच सांगते, ताट दिसल्याशिवाय सुई नाही. गाडीचा आवाज कॉरिडॉरमध्ये आला की मी सिरिंज भरते. पाच-दहा मिनिटं इकडं-तिकडं झाली तर शुगर थोडी चढेल, त्यानं कुणी दगावत नाही.

आणि ताट आलं म्हणजे पेशंट जेवला असं होत नाही. आत्यांनी झाकण घातलं, तसं कुणी उलटी येते म्हणून घालतं, कुणी लेक येईपर्यंत थांबतं. "जेवणार ना आत्ता?" एवढा प्रश्न इन्शुलिनच्या आधी विचारायचा. संकष्टी, एकादशी, गुरुवार, रोजे, हे आमच्या चार्टवर कुठंही नसतं. असायला हवं.

अजून एक, लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगते. टोचायच्या आधी बोट धुवा. मागं एका आजोबांची शुगर ३४० आली. डॉक्टरांना फोन करणार तेवढ्यात उशाशी मोसंबीची सालं दिसली. साबणानं हात धुऊन, पुसून परत बघितली तर १९०. ३४० बघून इन्शुलिन दिलं असतं तर पहाटे आजोबा कुठं गेले असते? तसंच ज्या हाताला ग्लुकोजचं सलाईन चालू आहे त्या हातातून रक्त घेऊ देऊ नका. नातेवाइकांनीही हे बघावं, आम्ही रागावत नाही.

वॉर्डराऊंड

मी फिजिशियन आहे. मिरजेत शिकलो, आता याच भागात प्रॅक्टिस करतो. कृष्णाकाठताई, तुम्ही घटनाक्रम वेळेसकट लिहिला म्हणून उत्तर देणं सोपं आहे.

आजारी शरीर स्वतःच साखर वाढवतं. हाड मोडणं, ऑपरेशन, ताप, वेदना यांत कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन अशी हार्मोन्स वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्शुलिन पुरेसं काम करत नाही. म्हणून घरी दीडशे असणारा माणूस वॉर्डात अडीचशेला जातो. ज्याला डायबेटिस नाही त्याचीही वाढू शकते.

आता ते २८६. ती खिचडीनंतर दोन तासांची शुगर होती आणि पुढं उतरणारच होती. तिला जेवणाआधीची शुगर समजून आकड्याप्रमाणे डोस दिला गेला. साधं इन्शुलिन अर्ध्या तासात सुरू होतं, दोन ते चार तासांत जोरात असतं आणि सहा-आठ तास रेंगाळतं. सव्वासातला दिलेलं सव्वानऊला ऐन भरात आलं. त्याच्यासाठी ताटातली पोळी-भाजी यायला हवी होती, ती कपाटावर झाकलेली. यात एकट्या माणसाची चूक नाही, तीन साध्या गोष्टी एकावर एक पडल्या.

नुसत्या आकड्यावर इन्शुलिन देण्याच्या पद्धतीला स्लायडिंग स्केल म्हणतात. २०० आली तर एवढं, २५० आली तर एवढं. सोपी आहे म्हणून सगळीकडं चालते, पण ती कायम घडून गेलेल्या गोष्टीच्या मागं धावते. दुपारी काय खाल्लं ते बघते, रात्री काय खाणार ते बघत नाही. जेवणाऱ्या पेशंटसाठी बरी पद्धत म्हणजे दिवसभर मंद चालणारं पायाचं (पाया म्हणून दिलेलं, बेसल) इन्शुलिन, त्यावर प्रत्येक जेवणापुरतं थोडं आणि शुगर जास्त असेल तर वरून दुरुस्तीपुरतं. जेवण नाही तर जेवणापुरतं इन्शुलिनही नाही, पायाचं मात्र चालू.

शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची आणि लगेच उपाय करायचा. ५४ च्या खाली धोक्याची. मेंदूला साखर मिळेनाशी होते, म्हणून माणूस बरळतो, चिडतो, झोपल्यासारखा होतो. म्हातारपणी हे "वय झालंय, बडबडतात" म्हणून सोडून दिलं जातं. तुम्ही हात धरून बघितलात म्हणून वाचलं. बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर छातीतली धडधड आणि हाताची थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. ओला पदर हे मोठं लक्षण होतं.

हरिपूर_संगम

डॉक्टर, मला थोडं वेगळं वाटतं. माझ्या वडिलांचं बायपास झालं तेव्हा आयसीयूत त्यांची शुगर १६०-१७० ठेवायचे. घरी आम्ही जीव तोडून उपाशीपोटीची ११० राखायचो आणि इथं एवढे मोठे डॉक्टर १७० ला "छान आहे" म्हणतात? मी रोज भांडायचो. जास्त शुगरमध्ये जखम भरत नाही, पू होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. मग दवाखान्यात ढिलाई कशासाठी?

वॉर्डराऊंड

हरिपूरकर, तुमची तळमळ बरोबर आहे आणि जखमेचं म्हणताय तेही खरं आहे. १८० च्या वर सतत राहिली तर जंतुसंसर्ग वाढतो, जखम चिघळते. पण ११० चा हट्ट आम्हीही एकदा धरून झालाय.

२००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या सर्जिकल आयसीयूतला अभ्यास आला. शुगर ८० ते ११० मध्ये ठेवली तर मृत्यू कमी होतात, असं त्यात दिसलं. जगभर आयसीयूंनी ते उचललं. मग २००९ मध्ये नाइस-शुगर नावाचा मोठा अभ्यास आला, सहा हजारांवर पेशंट. एका गटात ८१ ते १०८, दुसऱ्यात १८० किंवा त्याखाली. कडक गटात ९० दिवसांत २७.५ टक्के लोक दगावले, दुसऱ्यात २४.९ टक्के. शुगर ४० किंवा त्याखाली जाण्याचं प्रमाण कडक गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात ०.५ टक्के. तेव्हापासून आयसीयूतल्या बहुतेक पेशंटसाठी १४० ते १८० हे उद्दिष्ट धरतात, वॉर्डात शुगर फार न पाडता जमत असेल तर १०० ते १८०. १८० च्या वर राहायला लागली की इन्शुलिन सुरू किंवा वाढवायचं.

घरी ११० वेगळी गोष्ट आहे. तिथं जेवणाची वेळ ठरलेली, भूक ठरलेली, चालणं ठरलेलं. आयसीयूत आज जेवण आहे, उद्या उपाशी ठेवलंय, परवा ताप चढलाय. वडिलांना १७० वर ठेवणारे ढिलाई करत नव्हते.

हरिपूर_संगम

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी रोज भांडलो नसतो. वडील आता ठणठणीत आहेत. त्या डॉक्टरांना भेटून येईन म्हणतो.

द्राक्षबाग (तासगाव तालुका)

आमचंबी सांगतो. पोरगं १३ वर्षांचं, सातव्या वर्षापासून टाइप १ डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्शुलिन बनतच नाही. दिवसाला चार सुया. गेल्या पावसाळ्यात पोटात दुखायला लागलं, उलट्या. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स वाटतंय, काही खायला देऊ नका म्हणाले, सलाईन लावलं. मी विचारलं, इन्शुलिनचं काय? तिथला एक जण म्हणाला, पोटात काही नाही तर इन्शुलिन कशाला, शुगर कमी होईल. मला पटलं नव्हतं, पण त्या टायमाला आपण काय बोलणार. रात्रभर इन्शुलिन नाही. पहाटे पोरगं भात्यासारखा श्वास घ्यायला लागलं आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. बागेत पडून नासलेल्या मालाचा येतो ना, तसा. मी द्राक्षवाला आहे, तो वास मला सांगायला नको.

गाडी काढली आणि मिरज गाठली. तिथं सांगितलं, लघवीत किटोन आहेत, म्हणजे इन्शुलिन नसलं की चरबी जळून होणारी आम्लं, त्यानं रक्त आंबट झालंय. दोन दिवस आयसीयू. अपेंडिक्स नव्हतंच.

तिथं एक बघितलं ते अजून डोक्यात आहे. शुगर खाली आली तसं त्यांनी एका बाजूनं इन्शुलिनचा पंप चालू ठेवला आणि दुसऱ्या बाजूनं ग्लुकोजचं सलाईन लावलं. मी म्हटलं, सायेब, साखर उतरवताय का चढवताय?

वॉर्डराऊंड

द्राक्षबाग, तुमचा प्रश्न रास्त होता. पंप शुगर उतरवायला असतोच, पण त्याहून जास्त किटोन थांबवायला असतो. शुगर आधी खाली येते, किटोन मागाहून जातात. तोवर इन्शुलिन बंद करता येत नाही, आणि शुगर फार पडू नये म्हणून सोबत ग्लुकोज द्यावं लागतं. इन्शुलिननं रक्तातलं पोटॅशियम पेशीत जातं, म्हणून तेही सारखं तपासतात. आणि पंप काढताना त्वचेखालचं पायाचं इन्शुलिन साधारण दोन तास आधी दिलेलं असावं लागतं. नाहीतर पंप थांबला की काही मिनिटांत शरीरात इन्शुलिन उरत नाही आणि सगळं पहिल्यापासून.

रक्त आंबट झालं की त्यानंच पोटात दुखतं आणि उलट्या होतात. लहान मुलांत ते हुबेहूब अपेंडिक्ससारखं दिसतं.

हे वाचणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवा: टाइप १ च्या पेशंटचं पायाचं इन्शुलिन उपाशी असतानाही पूर्ण बंद करायचं नसतं. डोस कमी होईल, बंद होणार नाही. ॲडमिट होताना "टाइप १ आहे" हे शब्द केसपेपरवर पहिल्या ओळीत लिहून घ्या.

याच्या जवळचीच एक गोष्ट. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्या गोळ्या आता पुष्कळ लोकांना चालू आहेत, हृदय आणि किडनीसाठी चांगल्या आहेत. पण ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आधी किमान तीन दिवस त्या डॉक्टरांना विचारून बंद कराव्या लागतात. या गोळ्यांवर शुगर १८०-२०० असतानाही किटोन वाढू शकतात, आणि शुगर बरी दिसते म्हणून कुणाला शंका येत नाही. मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या दिवशी बंद ठेवतात. किडनी कमकुवत असताना रंग देऊन सीटी स्कॅन असेल किंवा जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल तेव्हाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी घेतली तर शुगर पाडते. घरून आणलेल्या गोळ्या उशाखाली ठेवून आपल्या आपण घेऊ नका. हे आपल्याकडं फार होतं: दवाखान्याचं इन्शुलिन पण आणि घरची गोळी पण.

औषधपेढी (सातारा)

मेडिकल दुकान आहे. इन्शुलिनचा विषय निघालाय तर सिरिंजचं सांगितलंच पाहिजे.

आपल्याकडं कुपीतलं इन्शुलिन बहुतेक ४० चं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनमधलं आणि काही नव्या कुप्यांतलं १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० चं इन्शुलिन ४० च्या सिरिंजनं १० च्या खुणेपर्यंत भरलं तर शरीरात २५ युनिट जातं. उलटं केलं तर १० ऐवजी ४.

पेशंट घरी पेन वापरतो, दवाखान्यात कुपी, डिस्चार्जनंतर परत पेन. या अदलाबदलीत घोळ होतो. पेनमधलं काडतूस संपत आलं की काही जण सिरिंजनं उरलेलं ओढून घेतात, ते तर अजिबात करू नका. दुकानात आलात की कुपी किंवा तिचं खोकं बरोबर आणा. मी स्वतः टोपीचा रंग दाखवून मगच सिरिंज देतो, गर्दी असली तरी.

कोयनाकाठ (पाटण)

स्टेरॉइडबद्दल कुणी लिहिलं नाही. २०२१ च्या मे महिन्यात वडील कोविडनं ॲडमिट होते, डेक्सामेथासोन चालू. सकाळी उपाशीपोटी शुगर ११८. आम्ही घरी सगळ्यांना फोन करून सांगायचो, शुगर मस्त आहे. चौथ्या दिवशी एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं संध्याकाळी सहज तपासली तर ३८०. स्टेरॉइड सकाळी दिलं की शुगर दुपारच्या जेवणानंतर चढते आणि पहाटेपर्यंत परत उतरते, हे तिनं कागदावर डोंगर काढून समजावलं. तेव्हापासून दुपारी आणि संध्याकाळी तपासायला लागले आणि इन्शुलिनही त्या वेळेला वाढवलं.

त्या वर्षी काळ्या बुरशीनं किती जणांचे डोळे, जबडे गेले हे आपण बघितलंय. वाढलेली शुगर आणि स्टेरॉइड, दोन्हींचा त्यात हात होता. ती मुलगी संध्याकाळी आली नसती तर, असं अजून मनात येतं. दमा, संधिवात, कुठल्याही कारणानं स्टेरॉइड चालू झालं तर फक्त सकाळच्या आकड्यावर विसंबू नका.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ. साबुदाण्याबद्दल दोन शब्द. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असतं, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. तो हलका समजून आपण आजारी माणसाला देतो, पण शुगरच्या दृष्टीनं तो भातापेक्षा सौम्य नाही. उपास करणारच असतील तर दाण्याची आमटी, ताक, पनीर, थोडी भगर, राजगिऱ्याची भाकरी असं ठेवता येतं. भगरही शुगर वाढवते, म्हणून वाटीचं माप ठरवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा.

भेटायला येणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, शहाळं आणि मोसंबीचा रस उशाशी रांगेत लावू नका. प्रेमानं आणता हे कळतं. पण पेशंट दिवसभर घोट-घोट पीत राहतो आणि वॉर्डात कुणाला कळत नाही शुगर का चढतेय. किडनीच्या पेशंटला शहाळ्यातलं पोटॅशियमही बाधतं.

शुगर कमी झाली आणि पेशंट शुद्धीत आहे, गिळू शकतोय, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा. ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच साखर. वर आली की पोळी, दूध असं काहीतरी पोटाला. एकदा एका काकांना घरच्यांनी कंदी पेढा भरवला होता. साताऱ्याचा पेढा कितीही आवडता असला तरी त्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळं साखर उशिरा रक्तात येते. त्या वेळेला साधी साखरच हवी. आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं.

रात्रपाळी

पथ्यपाणीताईंचं शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायला हवं. बेशुद्धीत पेशंटच्या तोंडात साखर कोंबलेली मी बघितली आहे. वॉर्डात असाल तर आम्हाला हाक मारा, शिरेतून २५ टक्क्यांचं ग्लुकोज देता येतं. हातात सलाईनची सुई नसेल तर शुगर वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन.

आणि एकदा शुगर वर आली म्हणजे सुटलो असं नाही. इन्शुलिन अजून अंगात असतं. कृष्णाकाठताई, तुमच्या सिस्टर तासा-दीड तासानं येत होत्या त्या याचसाठी. आत्यांना नंतर खायला दिलं होतं ना?

कृष्णाकाठ

हो ताई. दूध-पोळी दिली. चंद्र उगवल्यावर खिडकीतूनच नमस्कार केला आणि मोदकाचा एक तुकडा तोंडात घातला. बाराला ८८, दोनला १०४, सकाळी १३९.

तुमच्या सगळ्यांचं वाचून कितीतरी गोष्टी जागेवर बसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी वही केली होती: किती वाजता शुगर, किती आली, किती वाजता कुठलं इन्शुलिन, ताट किती वाजता आलं आणि आत्यांनी खरोखर किती खाल्लं. शेवटचा रकाना राऊंडच्या डॉक्टरांनी रोज वाचला. "अर्धी पोळी" लिहिलेलं बघून त्यांनी एकदा रात्रीचा डोस कमी केला.

एक विचारायचं राहिलं. डिस्चार्ज झाला तेव्हा इन्शुलिन वाढवून दिलंय, रात्री १० चे १६ युनिट आणि सकाळी नवीन ८. आता घरी उपाशीपोटी ९२, ८६, ८१ अशी येतेय. काल तपासलेलं एचबीएवनसी ६.४ आलं. चांगलंच आहे ना?

वॉर्डराऊंड

ताई, जरा थांबा. ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं होतं का?

कृष्णाकाठ

हो, दोन पिशव्या.

वॉर्डराऊंड

मग ते ६.४ धरू नका. एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, पण ते तांबड्या पेशींवर मोजतात. दुसऱ्याचं रक्त आत आलं की आकडा त्यांचा राहत नाही. ॲनिमिया किंवा किडनीच्या आजारातही तो फसवतो. ॲडमिट होताना, रक्त द्यायच्या आधी तपासलं असेल तर तो रिपोर्ट शोधा.

आणि त्या उतरत जाणाऱ्या सकाळच्या आकड्यांकडं बघा: ९२, ८६, ८१. दवाखान्यात हाड दुखत होतं, शरीर ताणात होतं, तेव्हा जास्त इन्शुलिन लागत होतं. आता ताण ओसरतोय, पण डोस दवाखान्याचाच आहे. ७१ व्या वर्षी, वॉकरवर चालणाऱ्या बाईला पहाटे ८१ आणि खाली जाणारी शुगर मला नको वाटते. रात्री मोरीकडं जाताना चक्कर आली तर दुसरा खुबा. तुमच्या डॉक्टरांना उद्याच हे आकडे दाखवा, डोस तेच ठरवतील. पुढच्या तपासणीची वाट बघू नका. आज झोपण्याआधी आणि पहाटे तीनला एकदा तपासा. १०० च्या खाली असेल तर झोपण्यापूर्वी काहीतरी खाऊ द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

कृष्णाकाठ

पहाटे तीनला ७४ होती. दूध आणि खजुराचा तुकडा दिला, पंधरा मिनिटांनी ९६. सकाळी डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी सकाळचं ८ बंद केलं आणि रात्रीचं परत १० वर आणलं. ॲडमिट झाल्या दिवशीचा रिपोर्ट फायलीत सापडला, एचबीएवनसी ८.१. तोच धरायचा म्हणाले.

डॉक्टर, तुम्ही ते रक्त चढवल्याचं विचारलं नसतं तर आम्ही ६.४ बघून आनंदात राहिलो असतो.

रात्रपाळी

ताई, तुमचा धागा मी वॉर्डातल्या मुलींना वाचून दाखवला. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी शुगरच्या चार्टवर पेनानं एक रकाना आखलाय, "आज उपास?" सध्या हातानंच आखतोय, पुढच्या छपाईत घालू म्हणाल्या. काल एका मावशींनी "प्रदोष आहे" सांगितलं. डॉक्टरांना कळवलं आणि त्यांच्या सांगण्यानं जेवणाचं इन्शुलिन रात्री ताटाबरोबर दिलं.

द्राक्षबाग

आमच्या गावातल्या आरोग्य केंद्रातल्या ताईंनाबी हे दाखवतो.

कृष्णाकाठ

आज परत संकष्टी. सकाळीच आत्यांनी स्वतः विषय काढला. डॉक्टरांनी सांगितलंय तसं दुपारी आणि रात्री आठला जेवायचं, चंद्र उगवला की नैवेद्य दाखवून मोदकाचा एक घास घ्यायचा, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. "गणपतीला माहीत आहे माझी शुगर," म्हणाल्या.

आठला ताक, ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी झाली. चंद्र आत्ता उगवला. वॉकर घेऊन गॅलरीत आल्या, हात जोडले. दहाची शुगर १५२.